पांघरुणाखालचा हात

ही गोष्ट एकोणीसशे एकोणऐंशी सालची. साल पक्कं लक्षात राहिलं, कारण त्याच वर्षी आमच्या गल्लीत पहिला टेलिफोन आला, आणि तोही कुणा बड्या माणसाकडे नाही, शिंप्याच्या दुकानात. शिंप्याने त्याच्यावर विणलेलं फडकं घातलं होतं आणि कुणाला हात लावू देत नव्हता. त्या टेलिफोनवरून माझ्या नवऱ्याच्या कचेरीत निरोप गेला, की तुमच्या वहिनी दुकानाच्या जिन्यावरून पडल्यात, हात मोडलाय, हॉस्पिटलात नेलंय.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. शिंप्याकडे त्या काजं करायच्या. कोट, सदरे, शाळेचे गणवेश, सगळ्यांची काजं. शिंपी म्हणायचा, "मी शिवतो खरा, पण माझा कोट उघडतो आणि मिटतो तो बाईंच्या जिवावर." हाताने केलेलं काज आताच्या मुलींनी पाहिलेलं नसेल. आधी कापड चिरायचं, मग चिरेच्या कडेने टाक्याला टाका लावून गाठी घालत जायचं. एक टाका सैल पडला की धुण्यात सगळं काज उसवतं. जाऊबाईंचं काज कापड विरलं तरी तसंच राहायचं. माझ्या नवऱ्याच्या जुन्या सदऱ्यांची मी फडकी केली, तेव्हा प्रत्येक फडक्याला एक धडधाकट काज असायचं.

हात तसा होता. तोंडाचं मात्र वेगळं. जाऊबाईंच्या तोंडी एकच शब्द, 'बरं.' भाजी खारट झाली म्हटलं तर बरं. पाहुणे येणार आहेत, बरं. पाहुणे येणार नाहीत, बरं. आमच्या सासूबाईंनी त्यांचं नावच बरंबाई ठेवलं होतं. पण घरात राहणाऱ्याला कळायचं की हा एक शब्द नाही, पुष्कळ आहेत. तुटक 'बरं' म्हणजे ऐकलं. 'बरं बरं' म्हणजे आता पुरे. लांबवलेलं 'बऽरं' म्हणजे तू सांगतेस ते मला पटलेलं नाही, पण मी वाद घालणार नाही. आणि एक होतं, आधी श्वास आत ओढून मग म्हटलेलं. ते फार क्वचित यायचं. त्यांची कळ डोक्यापर्यंत गेली की यायचं. मुलीच्या वेळी कळा देताना सुईणीने विचारलं तेव्हा मी ते पहिल्यांदा ऐकलं होतं.

आमचं हॉस्पिटल गावाने बांधलेलं. कुणी विटा दिल्या, कुणी खिडक्या, हॉस्पिटल कमिटीच्या लाकूडवाल्या अध्यक्षांनी दारं दिली आणि प्रत्येक दारावर आपल्या वडिलांचं नाव कोरून घेतलं. दार ढकलायचं म्हणजे त्यांच्या वडिलांच्या नावावर हात ठेवायचा. बायकांचा वॉर्ड एक, लांबट, समोरासमोर खाटा. खिडक्यांच्या खालच्या काचा चुन्याने रंगवलेल्या, बाहेरच्याने आत बघू नये म्हणून. सगळं स्वच्छ होतं, हे मी नाकारणार नाही. फरशीत तोंड दिसायचं. पेशंटचं तोंड मात्र बघायला कुणाला फुरसत नव्हती.

जाऊबाईंच्या उजव्या हाताची कोपराखालची दोन्ही हाडं मोडली होती. भूल देऊन हाड बसवलं, बोटांच्या पेरांपासून दंडापर्यंत प्लास्टर घातलं, आणि दोन दिवस नजरेखाली ठेवू म्हणाले. नजरेखाली, हा त्यांचा शब्द. मी तो जपून ठेवलाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी भेटीच्या वेळेला मी गेले. जाऊबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. चादर गळ्यापर्यंत ओढलेली.

"झोप झाली का?"

"बरं."

तो श्वास मी ऐकला. चादर बाजूला केली. प्लास्टरच्या बाहेर जी बोटं दिसत होती ती बोटं वाटत नव्हती. फुगलेली, चकचकीत, आणि रंग जांभळट. मी करंगळीला हात लावला तर गार.

"कळतंय का मी हात लावलाय ते?"

"लावलायस का?" त्या म्हणाल्या.

मी पिशवी खाटेवर टाकली आणि सिस्टरकडे गेले. सिस्टर म्हणजे वॉर्डची परिचारिका, उंच, कपाळावर कायम आठी, पायांत आवाज न करणारे बूट. ती कापसाचे बोळे करत बसली होती.

"सिस्टर, हात बघा हो. बोटं निळी पडलीत."

"सूज असते. हाड मोडलंय, सूज येणारच."

"गार लागतायत. त्यांना हात लावलेला कळत नाही."

"सकाळी राउंडला डॉक्टरांनी विचारलं ना. बरं आहे म्हणाल्या."

"त्या सगळ्यालाच बरं म्हणतात."

सिस्टर उठली. मला वाटलं बघायला निघाली. ती खाटेच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली आणि तिथूनच म्हणाली, "काय हो बाई, फार दुखतंय का?"

जाऊबाईंनी तिच्याकडे बघितलं. हातात कामं असलेली, उभी, घाईत असलेली बाई. त्यांनी श्वास घेतला.

"बरं आहे."

"बघा," सिस्टर मला म्हणाली. "पेशंटची तक्रार नाही आणि तुमचीच आहे. पेशंटची तक्रार असल्याशिवाय राउंडच्या मध्ये डॉक्टरांना बोलावता येत नाही मला. उद्या माझ्यावर येईल."

तक्रार. या शब्दाचा मला तेव्हापासून राग आहे. दुखणं सांगायचं तर ती तक्रार. म्हणजे दुखणाऱ्याने आधी भांडायला उभं राहायचं, मग त्याच्याकडे बघायचं की नाही ते हे ठरवणार.

धाकटे डॉक्टर मला पडवीत भेटले. नवे आले होते, चेहरा गोरापान, केस चापून बसवलेले. वाईट माणूस नव्हता. त्याचंच मला जास्त वाईट वाटतं. वाईट माणसाला शिव्या घालून मोकळं होता येतं.

"डॉक्टर, माझ्या जावेचा हात बघता का जरा?"

"कोण, प्लास्टरवाल्या? विचारलं की मी सकाळी. बरं म्हणाल्या."

"डॉक्टर, ते बरं तसलं नव्हतं."

"कसलं नव्हतं?"

"त्यांचं एक बरं असतं, आधी श्वास घेऊन म्हणतात. ते म्हणजे बरं नाही."

डॉक्टर हसले. "म्हणजे आता आम्ही बरंचं व्याकरण शिकायचं का?"

शेजारून जाणारा, मलमपट्टी करणारा ड्रेसरही हसला. मी हसले नाही. "शिकायला नको. बघायला तर हवं. पांघरूण काढा आणि बघा."

"संध्याकाळच्या राउंडला बघतो," ते म्हणाले.

संध्याकाळचा राउंड सुरू झाला की नातेवाइकांना बाहेर काढायचे. वॉर्ड रिकामा करा, वॉर्ड रिकामा करा, असं म्हणत आया झाडू घेऊन यायची, जणू आम्ही केर. म्हणजे ज्याला बोलता येत होतं तो बाहेर आणि जिला बोलता येत नव्हतं ती आत. मी दाराशी कान लावून उभी होते. आतून डॉक्टरांचा आवाज येत होता. खाटेगणिक एकच प्रश्न, "बरं आहे ना?" उत्तर आलं की स्वतःच म्हणायचे, "बरं." आणि पुढची खाट. त्यांच्या 'बरं'चा अर्थ होता, पुढे चला. जाऊबाईंच्या खाटेशीही तेच झालं. त्यांचं बरं, मग यांचं बरं, आणि बुटांचा आवाज पुढे गेला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "बघितलंत?"

"विचारलं हो. तुम्ही घरचे घाबरता फार."

आमचे भावोजी, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, बाकावर बसले होते. पोस्टात होते, आयुष्यभर पत्रं वाटली, कुणाशी आवाज चढवून बोलले नाहीत. मी त्यांना म्हटलं, "भावोजी, तुम्ही तरी सांगा. तुमच्या बायकोचा हात आहे."

"ते शिकलेले आहेत," भावोजी म्हणाले. "त्यांना कळत असेल."

"शिकलेत ते हाडांचं. शब्दांचं शिकलेले दिसत नाहीत."

"तू चिडू नकोस."

"मग कुणी चिडायचं? तुम्ही चिडता का?"

भावोजी वाकून चपलेचा पट्टा नीट करायला लागले. त्यांना चिडता येत नव्हतं, जसं जाऊबाईंना नाही म्हणता येत नव्हतं. जोडा चांगला जमला होता. दोघांच्या मध्ये तो हात मात्र मरत होता.

आयेच्या हातापाया पडून, औषध पाजायचंय असं सांगून, मी पाच मिनिटं आत गेले. खाटेवर बसले आणि जाऊबाईंची तालीम घ्यायला लागले.

"जाऊबाई, उद्या सकाळी डॉक्टर येतील. मी डॉक्टर. बरं आहे ना?"

"बरं."

"अहो, नाही म्हणा."

"बरं."

"बरं नका म्हणू, नाही म्हणा. परत. बरं आहे ना?"

त्यांनी तोंड उघडलं. खरंच प्रयत्न करत होत्या. कपाळावर घाम आला होता, तो दुखण्याचा की लाजेचा देव जाणे. मग म्हणाल्या, "धाकटे, एवढा मोठा माणूस उभा राहतो, विचारतो. त्याला काय उत्तर हवं असतं होय? ते आपलं यायचं म्हणून विचारायचं. जेवलात का, असं रस्त्यात विचारतात तसं. कुणी रस्त्यात नाही जेवलो म्हणतं का?"

मी तालीम थांबवली. कारण त्या बरोबर होत्या. धाकट्या डॉक्टरांचा प्रश्न तसाच होता, आणि जाऊबाईंनी त्याला तसंच उत्तर दिलं होतं. सभ्यपणाला सभ्यपणा.

शेजारच्या खाटेवरून आवाज आला, "मी ऐकतेय हं."

शेजारी मास्तरीणबाई होत्या. निवृत्त, पित्ताचा खडा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. गावातल्या अर्ध्या माणसांना त्यांनी पाढे शिकवले होते, आणि जे पाढे विसरले त्यांना त्या रस्त्यात थांबवून विचारायच्या. त्या म्हणाल्या, "या बाई काल संध्याकाळपासून दात आवळून पडल्यात. मी सिस्टरला सांगितलं. ती म्हणते, तुम्ही तुमचं बघा. ठीक आहे. आता आपण आपलं आपलं बघू."

"म्हणजे काय करायचं?"

"म्हणजे उद्या या वॉर्डात बरं म्हणायचं नाही. कुणीही. हा मुलगा बरं ऐकलं की पाय उचलतो. आपण पाय उचलूच द्यायचा नाही." मग त्या खाटेखाटेला वळून, वर्गात बोलावं तसं म्हणाल्या, "खोटं सांगायचं नाही कुणी. जे खरं होतंय आणि सांगितलं नाही, तेवढंच सांगायचं. काही नसेल तिने बरं म्हणायचं."

कुणीच म्हणालं नाही की मला काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडवीच्या बाजूला, नळाच्या दगडी ओट्यावर चढून उभी राहिले. तिथून रंगवलेल्या काचेच्या वरून आतलं दिसत होतं. तसं दुसऱ्यांच्या वॉर्डात डोकावणं बरं नव्हे, पण त्या दिवशी मला रीतभात सुचत नव्हती.

धाकटे डॉक्टर आले, मागे सिस्टर, मागे ड्रेसर. पहिली खाट धोबिणीची. गर्भाच्या पिशवीचं ऑपरेशन झालं होतं.

"बरं आहे ना?"

"नाही."

डॉक्टर पुढे निघालेच होते, एक पाऊल टाकून झालं होतं. ते मागे घ्यावं लागलं. "काय?"

"नाही म्हटलं. टाके ओले आहेत. वास येतोय. परवापासून येतोय."

"परवापासून? मग सांगितलं नाहीत?"

"तुम्ही थांबला नाहीत."

डॉक्टरांनी पट्टी सोडायला सांगितली. सिस्टरची आठी आणखी खोल गेली. दुसऱ्या खाटेवरच्या म्हातारीने सांगितलं की तिला देतात त्या गोळ्यांनी तिला दिसायचं कमी झालंय. तिसऱ्या खाटेवरची पोरगेलीशी बाई रडायलाच लागली, तिला लघवीला होत नव्हतं आणि पुरुषमाणसाला सांगायची लाज वाटत होती. चौथीचं आणखी काही. मी ओट्यावर उभी राहून ऐकत होते आणि माझं अंग तापत होतं. आम्हाला वाटलं होतं आम्ही एका हातासाठी युक्ती करतोय. त्या एवढ्याशा खोलीत, तोंड दिसेल अशा फरशीवर, एवढं सगळं साठलेलं होतं, आणि दोन वेळा रोज त्याच्यामधून माणसं बरं बरं करत चालत जात होती.

डॉक्टर घामाघूम झाले. मास्तरीणबाईंपाशी आले तेव्हा म्हणाले, "आता तुमचं काय?"

"माझं मागाहून. आधी हिचं."

डॉक्टर जाऊबाईंच्या खाटेकडे वळले. त्यांचा आवाज दमलेला होता. जवळजवळ विनवल्यासारखं म्हणाले, "तुम्हाला तरी बरं आहे ना?"

सगळा वॉर्ड जाऊबाईंकडे बघत होता. मी काचेवर नाक टेकवलं होतं. जाऊबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. बिचारा मुलगा, सकाळपासून सगळ्यांनी धारेवर धरलेला. त्यांना दया आली असणार, मी त्यांना ओळखते. त्यांनी श्वास आत ओढला.

"बरं."

धोबिणीने कपाळावर हात मारून घेतला. तिसऱ्या खाटेवरची रडता रडता हसली. मला ओट्यावरून उडी मारून आत जावंसं वाटलं. पण डॉक्टरांनी पाय उचलला नाही. सकाळभर थांबून थांबून त्यांच्या पायांची सवय मोडली होती. ते तिथेच उभे राहिले. आणि मास्तरीणबाई अगदी हळू म्हणाल्या, "डॉक्टर, आमचं सगळ्यांचं ऐकलंत. हिचं बघा."

त्यांनी चादर वर केली.

मी त्यांचा चेहरा बघितला. त्यांनी एक नख दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. मग बोट सरळ करायला गेले तेव्हा जाऊबाईंच्या तोंडून जो आवाज आला, तो बरं नव्हता. तो कुठलाच शब्द नव्हता.

"प्लास्टर कापा," डॉक्टर म्हणाले. मग ओरडूनच म्हणाले, "आत्ता कापा."

ड्रेसर पळाला. करवतीचा आवाज सुरू झाला. सिस्टर पांढरी पडली होती. आणि त्या सगळ्या धावपळीत धाकटे डॉक्टर जाऊबाईंवर वाकून म्हणाले, "बाई, बोलायचं ना. एवढं होईपर्यंत बोलला का नाहीत?"

चाळीसच्या वर वर्षं झाली. आजही मला ते वाक्य आठवलं की हातातलं भांडं आपटावंसं वाटतं. बोलायचं ना. सिस्टर बोलली नाही तर ती नियमाने वागली, डॉक्टरांनी बघितलं नाही तर ते घाईत होते, आणि जिचा हात मरत होता ती बोलली नाही, म्हणून चूक तिची.

जाऊबाईंना मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात हलवलं. तिथे हात चिरून आतला ताण मोकळा केला. हात राहिला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, आदल्या दिवशी प्लास्टर कापलं असतं तर बोटंही राहिली असती. बोटं होती, पण आखडून तळव्याकडे वळलेली, अर्धवट मूठ कायमची मिटलेली. अंगठा आणि तर्जनीत जाण आली नाही. सुई धरली तर धरली आहे की पडली, ते बघितल्याशिवाय त्यांना कळायचं नाही.

जखमा भरल्यावर मी भावोजींना म्हटलं, आपण अध्यक्षांकडे जायचं. भावोजी म्हणाले, "आता काय उपयोग?" मी म्हटलं, "तुम्ही येऊ नका. आम्ही दोघी जातो." ते आले. टोपी घालून आले.

अध्यक्षांच्या खोलीचं दारही त्यांच्या वडिलांच्या नावाचं. आत अध्यक्ष आणि धाकटे डॉक्टर बसले होते. अध्यक्षांनी आम्हाला चहा सांगितला. जाऊबाईंनी उजवा हात पदराखाली घेतला होता. सवयच झाली होती तशी.

"मला फार वाईट वाटलं," अध्यक्ष म्हणाले. "पण मी सगळी चौकशी केली आहे. प्रत्येक राउंडला विचारलं होतं. त्यांनी एकदाही तक्रार केली नाही. आता पेशंटच सांगत नाही, तर डॉक्टरांनी काय मनातलं ओळखायचं?"

"मनातलं नाही हो," मी म्हटलं. "पांघरुणाखालचं."

"तुम्ही शांतपणे घ्या."

"शांतपणेच घेतलं त्यांनी. त्याचं काय झालं ते दिसतंय."

धाकटे डॉक्टर टेबलाकडे बघत होते. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, अध्यक्षांनी त्यांच्याकडे बघितलं, आणि ते मिटलं. मला त्या क्षणी वाटलं, अरे, तूही बरंबाईच आहेस की.

मग अध्यक्ष माझ्याशी बोलायचे थांबले. मी कटकटी होते. ते जाऊबाईंकडे वळले आणि आवाज मऊ केला, लहान मुलीशी बोलतात तसा. "बाई, झालं ते झालं. गावाचं हॉस्पिटल आहे, आपल्या सगळ्यांचं. नाव खराब झालं तर नुकसान आपलंच. कुणी मुद्दाम केलेलं नाही. पुढे आम्ही काळजी घेऊ. हे इथेच मिटवू. बरं?"

कप वाजला, तो भावोजींच्या हातातला. मी जाऊबाईंकडे बघितलंच नाही, मला बघवेना. उभ्या आयुष्यात त्यांना इतक्या मऊ आवाजात कुणी काही मागितलं नव्हतं.

"नाही," जाऊबाई म्हणाल्या.

अध्यक्षांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काय नाही?"

"बरं नाही."

त्यांनी पदराखालून हात काढला आणि टेबलावर ठेवला. सुरुवातीला तो उलटा ठेवला गेला, मग डाव्या हाताने सरळ केला.

"मी बरं म्हणायची ते यांना," त्या धाकट्या डॉक्टरांकडे बघून म्हणाल्या. "हे विचारायचे, म्हणून मी म्हणायची. हाताला कुणी विचारलंच नाही."

"आम्ही विचारलं होतं की, बाई," अध्यक्ष म्हणाले.

"मला विचारलंत. मला काही झालं नव्हतं. मी हातासाठी आले होते." त्या एवढं एका दमात कधी बोलल्या नव्हत्या. थांबून त्यांनी श्वास घेतला, आणि मला माहीत होतं आता काय येणार, पण ते आलं नाही. "पांघरूण काढून बघत जा. एवढंच. मिटवू नका. मिटवलं की तुम्ही विसराल."

चहा न पिता आम्ही दोघी उठलो. भावोजींनी चहा अर्धा प्यायला होता, तो त्यांनी बशीत तसाच ठेवला. त्यांच्या परीने ते भांडण होतं.

अध्यक्षांनी नियम केला, की राउंडच्या वेळी प्रत्येक पेशंटचं पांघरूण काढून बघायचं आणि घरचं एक माणूस जवळ राहू द्यायचं. वर्षभर तो पाळला. मग नवे डॉक्टर आले, नवी सिस्टर आली, आया पुन्हा झाडू घेऊन फिरायला लागली. अध्यक्ष पुढच्या निवडणुकीतही अध्यक्ष झाले, आणि गेले तेव्हा त्यांचंही नाव दारावर लागलं, वडिलांच्या खाली.

धाकटे डॉक्टर पुढच्याच वर्षी शहरात गेले. मोठं नाव झालं म्हणतात. जाऊबाईंची माफी त्यांनी कधी मागितली नाही. मागायची होती की नाही, ते त्यांचं त्यांना माहीत.

सिस्टर निवृत्त झाल्यावर एकदा बाजारात भेटली. माझा हात धरून म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी म्हणत होतात ते मला पटत होतं हो. पण मला बोलता येत नव्हतं." मी म्हटलं, "मग आता कुणाला सांगताय?" आणि भाजी घेऊन घरी आले. मला पश्चात्ताप नाही.

मास्तरीणबाई खडा काढल्यावर ठणठणीत झाल्या आणि नव्वदीपर्यंत लोकांना रस्त्यात थांबवत राहिल्या. शेवटच्या दुखण्यात त्यांनी म्हणे डॉक्टरांनाच सतराचा पाढा विचारला. धोबिणीचे टाके भरले. तिसऱ्या खाटेवरची मुलगी पुढे तिच्या नवऱ्याबरोबर गाव सोडून गेली, तिचं काही कळलं नाही.

शिंप्याने काजाचं मशीन घेतलं. आधी सहा महिने तो जाऊबाईंची वाट बघत थांबला होता, हे मला त्याच्या बायकोने सांगितलं. मशीनची काजं भराभर होतात आणि तितक्याच भराभर उसवतात.

भावोजी रोज सकाळी कामावर जायच्या आधी जाऊबाईंची वेणी घालायचे. पहिले काही दिवस ती वेणी म्हणजे शेताचा बांध असायची, मग चांगली जमायला लागली. पोस्टातले लोक हसायचे तर म्हणायचे, "हसा." तेवढंच. ते गेल्यानंतर वेणी मी घालायची.

जाऊबाई सत्त्याऐंशी वर्षांच्या होऊन गेल्या. घरात शेवटपर्यंत सगळ्याला बरंच म्हणायच्या. भाजी खारट, बरं. पण डॉक्टर घरी आला आणि म्हणाला, "काय आजी, बरं वाटतंय ना?" तर त्या त्याच्याकडे बघायच्या, डाव्या हाताने पांघरूण बाजूला सारायच्या आणि म्हणायच्या, "विचारू नका. बघा."

मागच्या वर्षी मी मोतीबिंदूसाठी त्याच हॉस्पिटलात गेले होते. आता चार मजली आहे. बाहेर पडताना दाराशी एक पाटी होती, तिच्यावर तीन चेहरे, हसरा, मधला आणि रडका. बोट टेकवायचं. पाटीजवळ बसलेली मुलगी म्हणाली, "आजी, हसऱ्यावर टेकवा, म्हणजे झालं." माझ्या डोळ्यावरची पट्टी ओली होती, खाली रक्त होतं, ते सकाळपासून कुणी बघितलं नव्हतं. मी बोट टेकवलं नाही. मी तिथेच खुर्ची ओढून दारात बसले आणि म्हटलं, "आधी पट्टी काढा."

त्यांनी काढली. जरा वेळ लागला, पण काढली.